वर्डचा टूलबार गायब झालाय? फॉरमॅट मारायच्या आधी हे करून बघा

गेल्या जत्रेच्या आधी आमच्या वाड्यावरचे एक काका तिन्हीसांजेला लॅपटॉप पिशवीत घालून घरी आले. देवळाच्या कमिटीचं लिखाणकाम तेच बघतात. "बाय, बघ गो, वर्डचं वरचं सगळं गेलं. बोल्ड नाही, फाँट नाही, काही नाही. दुकानावर दाखवलं तर म्हणतात विंडोज फॉरमॅट मारावं लागेल." कार्यक्रमपत्रिका दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेसमध्ये द्यायची होती, पालखीची वेळ, रात्रीच्या नाटकाचं नाव, देणगीदारांची यादी सगळं टाइप झालेलं, फक्त वरचं हेडिंग मोठं करायचं राहिलेलं. मी लॅपटॉप उघडला तर वर फाइल, होम, इन्सर्ट अशी नावांची ओळ दिसत होती, पण तिच्याखाली बटणंच नव्हती, थेट पान सुरू. होम या शब्दावर डबल क्लिक केलं आणि सगळी बटणं जागच्या जागी परत आली. काका थोडा वेळ नुसते स्क्रीनकडे बघत बसले, मग म्हणाले, "एवढंच?"

हो, एवढंच. मी फोंड्याकडे कॉम्प्युटरचे क्लास घेते आणि मराठी टायपिंगची कामं करते, जत्रेतल्या नाटकांच्या संहिता, लग्नपत्रिका, भजनी मंडळाच्या पुस्तिका, पंचायतीत द्यायचे अर्ज, असलं सगळं. टूलबार गेला म्हणून येणारं कोणी ना कोणी मला सतत भेटतं, आणि त्यातली बरीच माणसं वयाने मोठी, टायपिंगचा हात एकदम साफ असलेली, पण स्क्रीनवर काही वेगळं दिसलं की आपणच काहीतरी मोडलं असं वाटून मशीनला हात लावायचं सोडतात. ते मला बघवत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय. माझं म्हणणं एकच आहे, टूलबार जात नाही, लपतो, आणि तो लपायच्या जागा ठरलेल्या आहेत. सोप्या जागेपासून सुरुवात करायची आणि एकेक करत अवघड जागेकडे जायचं. फॉरमॅटपर्यंत जायची पाळी या कामासाठी माझ्यावर आजवर आलेली नाही.

आधी काम सेव्ह करा

बटणं दिसत नसली तरी कीबोर्ड चालू असतो. कंट्रोल धरून एस दाबा, फाइल सेव्ह होते. नवीनच फाइल असेल तर नाव विचारेल, ते द्या. दुसऱ्या नावाने एक कॉपी ठेवायची असेल तर एफ१२ दाबा, सेव्ह अ‍ॅजची खिडकी उघडते. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळे टूलबार शोधायच्या नादात चार पानं घालवून बसू नका, पहिलं काम हे.

नेमकं काय दिसत नाही?

"टूलबार गेला" असं सगळेच म्हणतात पण त्यात चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी असतात, आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा. म्हणून घाईने क्लिक करत सुटायच्या आधी अर्धा मिनिट फक्त बघा. फाइल, होम, इन्सर्ट ही नावांची ओळ दिसते का? या नावांना टॅब म्हणतात, आणि टॅबखाली जी बटणांची रुंद पट्टी असते तो रिबन. नावं दिसतात आणि खालची बटणं नाहीत, तर रिबन मिटलेला आहे. नावांची ओळसुद्धा नाही, नुसतं पान पूर्ण स्क्रीनभर, तर फुल स्क्रीन किंवा वाचायचा मोड लागलाय. बटणं सगळी आहेत पण फिकी, राखाडी, दाबली जात नाहीत, तर टूलबारला काही झालेलं नाही, फाइल लॉक आहे. एखादंच बटण किंवा एखादाच टॅब नाही, तर सेटिंग बदललंय. सगळं आहे पण काळं, चमकणारं नाहीतर मुंगीएवढं, तर तो डिस्प्लेचा विषय.

अजून एक परीक्षा करा. कंट्रोल एन दाबून कोरी फाइल उघडा. कोऱ्या फाइलीत सगळं ठीक दिसत असेल तर दोष त्या जुन्या फाइलीत आहे, वर्डमध्ये नाही. एवढ्या एका गोष्टीने अर्धी शोधाशोध वाचते.

जाता जाता, ज्यांनी वर्ड २००३ किंवा त्याच्या आधीच्या वर्डवर शिकून हात बसवलाय त्यांच्यासाठी. त्या काळी स्टँडर्ड आणि फॉरमॅटिंग असे दोन वेगळे टूलबार असायचे आणि व्ह्यू मेनूत टूलबार्स म्हणून यादी असायची, तिथे टिक केली की टूलबार परत. वर्ड २००७ पासून ते सगळं जाऊन रिबन आला. त्यामुळे नव्या वर्डमध्ये व्ह्यूमध्ये जाऊन टूलबार्स शोधत बसलात तर ते सापडणारच नाही, तुमची चूक नाही, ती यादीच आता तिथे नाही.

रिबन मिटलाय

दहात सात-आठ वेळा हेच निघतं, काकांचंही हेच होतं. कुठल्याही टॅबच्या नावावर डबल क्लिक केलं की रिबन मिटतो, परत डबल क्लिक केलं की उघडतो. आपण होमवर एकदा क्लिक करायला जातो, बोट दोनदा पडतं, आणि रिबन गेला. ज्यांचा हात थोडा थरथरतो किंवा ज्यांचा माउस जुना होऊन एका क्लिकला दोन क्लिक देतो त्यांच्याकडे हे पुन्हापुन्हा होतं. तसं सारखंच होत असेल तर वर्डला दोष देण्याआधी दुसरा माउस लावून बघा.

कीबोर्डवरून करायचं तर कंट्रोल आणि एफ१ एकत्र. लॅपटॉपवर ते चालत नसेल तर घाबरू नका, बऱ्याच लॅपटॉपवर वरच्या एफच्या ओळीतल्या बटणांना आवाज, उजेड अशी कामं दिलेली असतात, तिथे कंट्रोल, एफएन आणि एफ१ अशी तीन बटणं एकत्र दाबावी लागतात.

रिबन मिटलेला असताना टॅबवर एकदाच क्लिक केलं तर बटणं दिसतात आणि पानावर क्लिक केल्याबरोबर परत पळतात, हे बघून लोक जास्त गोंधळतात, "येतं आणि जातं" म्हणतात. ते आलेलं असताना उजव्या टोकाला खालच्या कोपऱ्यात बघा. वर्ड २०१३ ते २०१९ मध्ये तिथे टाचणीसारखं छोटं चिन्ह असतं, ते दाबलं की रिबन तिथेच टाचला जातो. नव्या मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये त्याच जागी खाली तोंड केलेला बाण असतो, तो दाबल्यावर यादी उघडते, त्यात ऑलवेज शो रिबन निवडायचं.

२०१३ ते २०१९ वाल्यांना आणखी एक रस्ता आहे. खिडकीच्या वर उजवीकडे, मिनिमाइझच्या बटणाच्या डाव्या अंगाला, चौकोनात बाण असलेलं एक चिन्ह असतं. त्यात तीन पर्याय. ऑटो हाइड रिबन म्हणजे सगळंच लपव, शो टॅब्स म्हणजे फक्त नावं दाखव, आणि शो टॅब्स अँड कमांड्स म्हणजे नावं आणि बटणं दोन्ही दाखव. आपल्याला तिसरा हवा. ऑटो हाइड चुकून लागलं असेल तर वर काहीच दिसत नाही, मग माउस अगदी स्क्रीनच्या वरच्या कडेला नेऊन क्लिक करा, रिबन खाली उतरतो, तो उतरलेला असताना ते चिन्ह दाबून तिसरा पर्याय घ्या. माउसने जमत नसेल तर नुसतं ऑल्ट दाबून सोडा, बहुतेक वेळा टॅब वर येतात आणि प्रत्येकावर एक इंग्रजी अक्षर दिसतं, ते अक्षर दाबलं की तो टॅब उघडतो.

सगळी स्क्रीनच वेगळी दिसतेय

पहिल्यांदा एस्केप दाबा. डावीकडे वर कोपऱ्यातलं बटण. रीड मोड, फोकस मोड, फुल स्क्रीन, या बहुतेक सगळ्यातून एस्केप बाहेर काढतं. रीड मोडमध्ये पुस्तकासारखी पानं दिसतात आणि टाइप होत नाही, एस्केपने नाही सुटलं तर वर व्ह्यूमध्ये एडिट डॉक्युमेंट असतं ते निवडा. फोकस मोड फक्त नव्या वर्डमध्ये आहे, त्यात पानाच्या मागे काळोख होतो आणि रिबन जातो, तो मुद्दाम तसा बनवलाय, लिहिताना लक्ष दुसरीकडे जाऊ नये म्हणून.

ईमेलने आलेल्या फाइली दरवेळी वाचायच्या मोडमध्येच उघडत असतील तर फाइल, मग ऑप्शन्स, मग जनरल, आणि तिथे अगदी खाली स्टार्ट अप ऑप्शन्सच्या भागात ईमेलमधल्या फाइली रीडिंग व्ह्यूमध्ये उघडा अशा अर्थाचं एक टिक असतं, ते काढा.

आणि खिडकी छोटी झालीय का तेही बघा. रिबनला जागा कमी पडली की तो बटणं गोळा करून एकेका नावाखाली कोंबतो, पॅराग्राफचा पूर्ण भाग एका बटणात जातो आणि आपल्याला वाटतं अलाइनमेंटची बटणं उडाली. विंडोजचं बटण धरून वरचा बाण दाबा, खिडकी पूर्ण मोठी होते. प्रोजेक्टर लावून काढल्यावर खिडकीचा वरचा भाग स्क्रीनच्या बाहेर गेलेला असतो, शाळांच्या कार्यक्रमानंतर मी हे खूपदा बघितलंय, तेव्हा ऑल्ट आणि स्पेस दाबा, मग एक्स दाबा, खिडकी मॅक्सिमाइझ होऊन जागेवर येते.

बटणं आहेत पण फिकी आहेत

इथे टूलबार शोधायचा नाही, फाइल बघायची. व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा मेलवरून उतरवलेली फाइल वर्ड प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये उघडतं, वर पिवळी पट्टी येते, तिच्यावर एनेबल एडिटिंग असं बटण असतं. ओळखीच्या माणसाने पाठवलेली फाइल असेल तरच ते दाबा, अनोळखी असेल तर नको, ही पट्टी आपल्याच भल्यासाठी आहे. दुसरी एक पिवळी पट्टी येते ती मार्क्ड अ‍ॅज फायनलची, पाठवणाऱ्याने फाइल पक्की म्हणून खूण केलेली असते, तिथे एडिट एनीवे दाबलं की झालं.

पट्टी कुठलीच नाही आणि तरी फिकं, तर रिव्ह्यू टॅबमध्ये रिस्ट्रिक्ट एडिटिंग उघडून बघा. खाली स्टॉप प्रोटेक्शन असेल तर फाइल कोणीतरी बंद करून दिलीय. फॉर्म भरायच्या फाइली बऱ्याचदा अशाच असतात, रकाने भरता येतात पण फाँट बदलता येत नाही. पासवर्ड मागितला तर ज्याने फाइल दिली त्यालाच विचारायचं. सगळ्याच फाइलींत, कोऱ्या फाइलीतसुद्धा फिकं असेल तर ऑफिसचं लायसन्स संपलंय किंवा अ‍ॅक्टिवेट झालेलं नाही, फाइलमधल्या अकाउंटमध्ये जाऊन बघा, तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं.

एखादाच टॅब किंवा बटण नाही

क्लासमधली एक मुलगी मला सांगत होती की तिचा टेबलाचा टॅब कधी असतो कधी नसतो. तो तसाच आहे. टेबल डिझाइन, पिक्चर फॉरमॅट असले टॅब फक्त तेव्हाच येतात जेव्हा तुमचा कर्सर टेबलात असतो किंवा फोटोवर क्लिक केलेलं असतं. बाहेर क्लिक केलं की जातात. देणगीदारांच्या टेबलात क्लिक करा, टॅब हजर.

कायमचा टॅब गेला असेल, समजा रिव्ह्यूच नाही, तर रिबनवर मोकळ्या जागी राइट क्लिक करून कस्टमाइझ द रिबन घ्या. उजवीकडे सगळ्या टॅबची यादी येते, नावापुढची टिक गेली असेल ती परत लावा, ओके. डेव्हलपर नावाच्या टॅबला टिक नसते, ते मुळातच तसं आहे, त्याची काळजी नको. सगळंच विस्कटलेलं असेल, नावं बदललीत, बटणं इकडची तिकडे, तर त्याच खिडकीत खाली रिसेटमध्ये रिसेट ऑल कस्टमायझेशन्स आहे. पण दाबायच्या आधी थांबा. हे रिबनबरोबर खिडकीच्या अगदी वर छोट्या बटणांची जी ओळ असते त्या क्विक अ‍ॅक्सेस टूलबारलाही मूळ स्थितीत नेतं, त्यामुळे कोणी वर्षानुवर्षं तिथे आपली बटणं जमवली असतील तर तीही जातील. त्याच्याच खाली इम्पोर्ट एक्स्पोर्ट आहे, आधी एक्स्पोर्ट करून एक फाइल डेस्कटॉपवर ठेवा, मग रिसेट.

बाकी छोट्या गोष्टी पटकन सांगते. पट्टी, म्हणजे रुलर, दिसत नसेल तर व्ह्यू टॅबमध्ये रुलरला टिक. उभा रुलर नसेल तर आधी प्रिंट लेआउटमध्ये आहात ना बघा, मग ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड, डिस्प्ले, तिथे व्हर्टिकल रुलरची टिक. पानाच्या वरची मोकळी जागा आणि हेडर गायब असेल तर दोन पानांच्या मधल्या रेषेवर डबल क्लिक, परत येतं. अक्षरं सिलेक्ट केल्यावर जवळ येणारा छोटा टूलबार येत नसेल तर ऑप्शन्स, जनरल, शो मिनी टूलबार ऑन सिलेक्शन.

मराठी टाइप करणाऱ्यांची वेगळी अडचण, लँग्वेज बार

आमच्याकडे खूप जण मराठी, कोंकणी आणि इंग्रजी तिन्ही एकाच फाइलीत लिहितात, अर्ज मराठीत, वर पत्ता इंग्रजीत, असं. त्यांचा जीव त्या खालच्या भाषेच्या छोट्या पट्टीत असतो. ती गेली की "वर्डमध्ये मराठी येत नाही" म्हणून येतात, खरं म्हणजे ती पट्टी वर्डची नाहीच, विंडोजची आहे, म्हणून वर्डमध्ये कितीही शोधलं तरी मिळत नाही.

आधी विंडोजचं बटण धरून स्पेस दाबा. जेवढे कीबोर्ड टाकलेत त्यांची यादी येते, स्पेस दाबत मराठीवर या आणि बटण सोडा. हे चाललं तर मराठी जागच्या जागी आहे, फक्त पट्टी लपलीय. ती परत आणायची तर विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, डिव्हायसेस, टायपिंग, आणि मग तेच. तिथे डेस्कटॉप लँग्वेज बार वापरा अशी टिक असते ती लावा, आणि खालच्या लँग्वेज बार ऑप्शन्सवर क्लिक करा. त्यात तीन गोष्टी असतात, डेस्कटॉपवर तरंगता ठेवा, टास्कबारमध्ये बसवा, किंवा लपवा. लपवा निवडलेलं असेल तर तिथेच तुमचं उत्तर आहे. मी स्वतः टास्कबारमध्ये बसवते, तरंगता बार नेमका पानाच्या मजकुरावर येऊन बसतो.

आणि विंडोज-स्पेसने येणाऱ्या त्या यादीतच मराठी नसेल तर सेटिंग्जमध्ये लँग्वेज अँड रिजनमध्ये जाऊन मराठी भाषा टाका. कीबोर्ड निवडताना लक्ष द्या, इन्स्क्रिप्टचा, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या कीबोर्डचा, हात असेल तर साधा मराठी, आणि इंग्रजी स्पेलिंगने मराठी लिहायची सवय असेल तर मराठी फोनेटिक. इन्स्क्रिप्टवाल्याच्या मशीनवर फोनेटिक पडला की त्याला वाटतं कीबोर्डच वेडा झाला, क दाबलं तर भलतंच उमटतं. डावीकडचं ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबलं गेलं की भाषा आपोआप बदलते हेही लक्षात असू दे, वेगात टाइप करताना हे नकळत होतं.

वरचं सगळं करून झालं, तरी नाही

आता थोडं आत जायचं. वर्ड पूर्ण बंद करा. कीबोर्डवर कंट्रोल दाबून धरा आणि धरलेलं असतानाच वर्डच्या चिन्हावर डबल क्लिक करा, बटण सोडू नका, थोड्या वेळाने सेफ मोडमध्ये उघडायचं का असं विचारेल, येस म्हणा. सेफ मोडमध्ये वर्ड बाहेरचं काही न घेता साधं उघडतं. इथे टूलबार नीट दिसला तर वर्ड धडधाकट आहे, कुठलं तरी अ‍ॅड इन किंवा टेम्प्लेट त्रास देतंय. इथेही बिघडलेलंच असेल तर खाली रिपेअरचं सांगितलंय तिकडे जा.

अ‍ॅड इन म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरने वर्डमध्ये घुसवलेलं काहीतरी, पीडीएफवाली सॉफ्टवेअरं हे हमखास करतात, आपला एक टॅब टाकतात. वर्ड नेहमीसारखं उघडा, फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅड इन्स, खाली मॅनेजच्या पुढे कॉम अ‍ॅड इन्स ठेवून गो दाबा. सगळ्या टिक काढा, वर्ड बंद करून परत उघडा. टूलबार ठीक झाला तर आता एकेक टिक परत लावत जा, प्रत्येक वेळी वर्ड बंद करून उघडा. जिच्यानंतर परत बिघडेल ती दोषी, तिची टिक काढूनच ठेवायची. कंटाळवाणं काम आहे पण याला दुसरा रस्ता नाही. उलट तुम्हाला हवं असलेलं अ‍ॅड इनच गायब असेल तर त्याच मॅनेजमध्ये डिसेबल्ड आयटम्स बघा, एखादं अ‍ॅड इन वर्डला पाडतं तेव्हा वर्ड त्याला तिथे नेऊन टाकतं.

अ‍ॅड इनमध्ये काही सापडलं नाही तर नॉर्मल टेम्प्लेट. ही वर्डची पाटी म्हणा, प्रत्येक कोरी फाइल हिच्यावरून निघते. ती बिघडली की चित्रविचित्र होतं. वर्ड बंद करा, आउटलुक वापरत असाल तर तेही बंद, कारण तेही वर्डचा वापर करतं. विंडोजचं बटण आणि आर दाबा, रनच्या चौकटीत इंग्रजीत टक्क्याचं चिन्ह, अ‍ॅपडेटा, परत टक्क्याचं चिन्ह असं लिहून एंटर मारा. उघडलेल्या फोल्डरमध्ये मायक्रोसॉफ्ट, त्याच्यात टेम्प्लेट्स. तिथे नॉर्मल नावाची फाइल असेल. ती डिलीट करू नका, नाव बदला, पुढे जुनी असं जोडा. वर्ड उघडलं की ते नवीन नॉर्मल स्वतः बनवतं. फाइल न उडवता नाव का बदलायचं, तर त्या जुन्या फाइलीत तुमचे मॅक्रो, म्हणजे एका बटणावर होणारी नोंदवून ठेवलेली कामं, तुमचा ठरवलेला फाँट, ऑटोटेक्स्टचे तुकडे असू शकतात. नाटकाच्या संहिता करणाऱ्या माझ्या ओळखीच्या एकाने पात्रांची नावं अशीच साठवून ठेवली होती, दोन अक्षरं टाइप करून एफ३ दाबलं की पूर्ण नाव. ती फाइल उडवली असती तर सगळी मेहनत गेली असती.

काळं, चमकणारं, नाहीतर बारीक

रिबनच्या जागी काळी पट्टी येते, बटणावर माउस नेला की तेवढंच दिसतं, तेव्हा ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवर चित्र उमटवणारं सॉफ्टवेअर, आणि वर्डचं जमत नाहीये. विंडोज अपडेटमधून ड्रायव्हर अपडेट करा. जुन्या वर्डमध्ये ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड, डिस्प्लेमध्ये हार्डवेअर ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन बंद करायची टिक आहे, ती लावून वर्ड परत उघडा.

बटणं बारीक किंवा अंधुक दिसत असतील तर डेस्कटॉपवर राइट क्लिक, डिस्प्ले सेटिंग्ज, स्केल. शंभर टक्के असेल तर १२५ किंवा १५० करून बघा, मग एकदा साइन आउट करून परत या, नाहीतर काही गोष्टी अर्धवटच बदलतात. आणि मोठी बटणं आली म्हणून रिबन लांबीत मावेनासा झाला तर उलट १०० वर आणा, १३६६ बाय ७६८ च्या छोट्या लॅपटॉपवर हे नेहमी होतं. बाहेरचा मॉनिटर लावल्यावरच अंधुक होत असेल तर वर्डच्या ऑप्शन्समध्ये जनरलला एकापेक्षा जास्त डिस्प्ले असताना काय करायचं ते विचारलेलं असतं, तिथे कम्पॅटिबिलिटीचा पर्याय घ्या. बटणांमध्ये उगाच खूप अंतर पडलं असेल तर टच मोड लागलाय, क्विक अ‍ॅक्सेस टूलबारच्या बाणात टच माउस मोड असतं, माउस निवडा.

रिपेअर

कंट्रोल पॅनल, प्रोग्रॅम्स अँड फीचर्स, यादीत ऑफिस निवडून चेंज. आधी क्विक रिपेअर, त्याला इंटरनेट लागत नाही आणि लवकर होतं. त्याने नाही झालं तर ऑनलाइन रिपेअर, याला चांगलं नेट आणि वेळ दोन्ही लागतं, लाइट जाण्याच्या दिवसात लॅपटॉपची बॅटरी भरलेली ठेवूनच करा.

लिबरऑफिस आणि गुगल डॉक्स

लिबरऑफिस रायटरमध्ये अजून जुन्यासारखे टूलबार आहेत, म्हणून ज्यांना २००३ ची सवय आहे त्यांना मी हेच सुचवते. व्ह्यू, टूलबार्समध्ये स्टँडर्ड आणि फॉरमॅटिंगला टिक असली की झालं. टूलबार सुटून पानावर तरंगत असेल तर त्याची वरची पट्टी माउसने धरून खिडकीच्या वरच्या कडेला ओढत न्या, परत जाऊन बसतो. पूर्ण तोंडवळाच बदललाय असं वाटलं तर व्ह्यूमध्ये यूजर इंटरफेस उघडून स्टँडर्ड टूलबार निवडा. स्क्रीन भरून नुसतं पान आलं तर कंट्रोल शिफ्ट जे. टूलबारच्या उजव्या टोकाला दुहेरी बाण दिसला तर न मावलेली बटणं त्याच्यात आहेत. आणि काहीच जमलं नाही तर हेल्प, रिस्टार्ट इन सेफ मोड, तिथे फॅक्टरी सेटिंगवर आणताना पहिला पर्याय घ्या, जो फक्त सेटिंग आणि इंटरफेसचे बदल काढतो, पूर्ण प्रोफाइल उडवणारा नको.

गुगल डॉक्समध्ये वर उजवीकडे पेन्सिलचं चिन्ह बघा. व्ह्यूइंग लागलं असेल तर टूलबार दिसत नाही, एडिटिंग करा. पेन्सिलच नसेल आणि नुसतं व्ह्यू ओन्ली लिहिलं असेल तर मालकाकडून परवानगी मागायची. मेनूची ओळ लपली असेल तर कंट्रोल शिफ्ट एफ, ब्राउझरच फुल स्क्रीन झाला असेल तर एफ११, अक्षरं छोटीमोठी झाली असतील तर कंट्रोल आणि शून्य.

दुकानात द्यायची वेळ आलीच तर

एका बाईंनी टूलबारच्या तक्रारीसाठी मशीन दुकानात दिलं, फॉरमॅट करून मिळालं. टूलबार आला, पण त्यांच्या पंधरा वर्षांच्या संहिता जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये होत्या आणि तो फाँट गेला. फाइली होत्या पण उघडल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. तो फाँट एका जुन्या पेन ड्राइव्हवर सापडेपर्यंत त्या बिचाऱ्या दोन आठवडे हवालदिल होत्या. म्हणून मशीन हातातून सोडायच्या आधी पेन ड्राइव्हवर आपल्या फाइली तर घ्याच, शिवाय सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरातले फाँट्स, ती नॉर्मल टेम्प्लेटची फाइल, आणि रिबनचं एक्स्पोर्ट केलेलं, हे तिन्ही घ्या. पेन ड्राइव्ह दुसऱ्या मशीनला लावून फाँटच्या फाइली खरंच आल्यात का ते उघडून बघा, मगच लॅपटॉप द्या.